क्रँकपुलीतले रबर



हंगाम तोंडावर आला की आपण वाहनांचे टायर बघतो, ब्रेक बघतो, ट्रेलरचे हूक आणि पाटे तपासतो, ऑईल बदलतो. इंजिनच्या पुढच्या तोंडाला, क्रँकच्या टोकावर जी पुली बसलेली असते तिच्याकडे मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही. बेल्ट फिरवायचा एवढेच तिचे काम, असा आपला समज. बेल्ट तुटला तर बदलू, पुलीला काय होतंय?

पुलीला होतं. आणि तिला झालं की त्याची किंमत क्रँकला मोजावी लागते. म्हणून हा लेख.

मागे एका हंगामात एका सभासदाची चार सिलिंडरची डिझेल जीप आमच्याकडे आली. सावकाश चालू ठेवली की पुढून टक-टक असा आवाज. वेग वाढवला की आवाज मिसळून जायचा. त्यांनी गाडी आधी एका गॅरेजात दाखवली होती. तिथे निदान झाले : बिगएंड बेअरिंग गेले, इंजिन उतरवा, क्रँक घासायला टाका. माणूस खर्चाचा आकडा ऐकून हबकलेला. आम्ही ऑईलचे प्रेशर बघितले, ते व्यवस्थित. मग बॉनेट उघडून चालू इंजिनच्या पुढे बॅटरी धरली, तर पुली लंगडत फिरत होती. पांढऱ्या रंगाची एक रेघ पुलीच्या मधल्या भागापासून बाहेरच्या कड्यापर्यंत ओढली आणि गाडी कारखान्याच्या आवारात दोन चकरा मारून आणली. रेघ मोडली होती. मधला भाग एकीकडे, बाहेरचे कडे चांगले बोटभर पुढे. पुली बदलली, आवाज गेला. इंजिन उतरवलेच नाही.

आता ही रेघ मोडली कशी, ते समजून घेऊ. ही पुली एकसंध लोखंडाची नसते. बैलगाडीचे चाक डोळ्यांपुढे आणा. आत तुंबा, बाहेर धाव. या पुलीतही आत क्रँकवर घट्ट बसणारा तुंबा असतो आणि बाहेर जड लोखंडी कडे. फक्त मध्ये आऱ्यांऐवजी रबराचा पट्टा दाबून किंवा चिकटवून बसवलेला असतो. कंपनीच्या पुस्तकात हिला व्हायब्रेशन डॅम्पर म्हणतात, मोटारीच्या पुस्तकांत हार्मोनिक बॅलन्सर असेही नाव सापडते. आपल्याकडचे मिस्त्री सरसकट 'डंपर पुली' म्हणतात. मुरूम वाहणाऱ्या डंपरशी तिचा काही संबंध नाही.

रबर कशाला? तर क्रँकचा पीळ शोषायला. क्रँकशाफ्ट म्हणजे केवढा जाडजूड पोलादी दांडा! पण त्यालाही पीळ बसतो. सिलिंडरमध्ये स्फोट झाला की पिस्टन क्रँकला एक जोराचा हिसका देतो. मागच्या टोकाला जड फ्लायव्हील आहे, ते एकदम वेग बदलत नाही. त्यामुळे क्रँक केसभर पिळला जातो, आणि हिसका ओसरला की उलटा सुटतो. ओले धोतर पिळून हात सोडला की कसे उलगडते, तसे. फक्त पोलाद ते एका सेकंदात शेकडो वेळा करते.

हिसके किती बसतात त्याचा हिशेब सोपा आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर मिनिटाला २,००० फेऱ्यांवर असेल तर सेकंदाला ५० हिसके. सहा सिलिंडरचा ट्रक २,४०० फेऱ्यांवर, १२०. आणि चार सिलिंडरची पेट्रोल मोटार ६,००० फेऱ्यांवर नेली तर सेकंदाला २०० हिसके. शिवाय या मुख्य ठेक्याच्या पोटात त्याच्या दुपटी-चौपटीचे बारीक ठेकेही असतात. तंबोऱ्याची तार छेडली की मुख्य सुराबरोबर वरचे सूरही निघतात ना, तसेच. 'हार्मोनिक' हे नाव त्यावरूनच आले.

इथे खरी गोम आहे. प्रत्येक दांड्याचा स्वतःचा एक ठेका असतो. झोपाळ्याला वाटेल तेव्हा धक्का दिला तर तो वाढत नाही. त्याच्या लयीत दिला तर लहान पोरसुद्धा मोठ्या माणसाला उंच झोका देते. इंजिनचा वेग चढता-चढता कुठेतरी हिशांचा ठेका आणि क्रँकचा स्वतःचा ठेका जुळतो. मग दर हिसक्याला पीळ वाढत जातो. त्या वेगावर इंजिन सारखे चालले तर पोलाद थकते, कुठल्यातरी कोपऱ्यात केसासारखी चीर पडते आणि ती रोज थोडी थोडी सरकते.

डॅम्परचे काम हा झोका मोडण्याचे. बाहेरचे कडे जड असल्यामुळे ते आपल्या एकसारख्या चालीने फिरू बघते. आतला तुंबा क्रँकबरोबर पुढे-मागे हिसके खातो. दोघांमध्ये रबर ताणले जाते, दाबले जाते, आणि पिळातली शक्ती उष्णता होऊन निघून जाते. कड्याचे वजन किती आणि रबर किती कडक, हे त्या त्या इंजिनच्या क्रँकचा ठेका मोजून ठरवलेले असते. म्हणून एका इंजिनचा डॅम्पर 'बसतोय की' म्हणून दुसऱ्या इंजिनला लावणे चुकीचे. भोके जुळली म्हणजे ठेका जुळला असे होत नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. 'बॅलन्सर' या नावामुळे पुष्कळांना वाटते की ही पुली गेली म्हणजे गाडी थरथरेल, आणि गाडी थरथरत नाही म्हणजे पुली चांगली आहे. तसे नाही. गाडीत बसून आपल्याला जी थरथर जाणवते ती बहुतेक वेळा इंजिनचे फाउंडेशन रबर गेल्याची किंवा एखादा सिलिंडर नीट न पेटल्याची. क्रँकचा पीळ क्रँकच्या आतच होतो. तो हाताला लागत नाही, कानाला फारसा येत नाही. ड्रायव्हर म्हणतो गाडी लोण्यासारखी चाललीय, आणि आत चीर सरकत असते.

क्रँक तुटतोही कुठे, ते बघण्यासारखे आहे. पुलीचे रबर मेले म्हणून पुलीजवळ तुटेल असे वाटते. पण पुढचे टोक मोकळे असल्याने ते नुसते हलते, त्याच्यावर ताण कमी. फ्लायव्हील मागे जवळजवळ स्थिर. त्यामुळे सगळ्यांत जास्त पीळ बसतो तो मागच्या भागात, फ्लायव्हीलच्या अलीकडे, आणि पुष्कळदा तुटतो तिथेच. मग मिस्त्री म्हणतो, मटेरियल खराब निघाले. नवा क्रँक घालतात आणि जुनी पुली पुन्हा त्याच्यावर चढवतात! नव्या क्रँकचेही मग तेच होते.

हे दुखणे मोटार जितकी जुनी, तितकेच जुने. १९०५-०६ च्या सुमारास इंग्लंडात रोल्स-रॉईस कंपनीची ३० हॉर्सपॉवरची सहा सिलिंडर मोटार निघाली, तिचे क्रँक तुटू लागले. चार सिलिंडरपेक्षा सहाचा क्रँक लांब, म्हणून पीळ जास्त. १९१० साली फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअराने यावरच्या डॅम्परचे पेटंट घेतले. आज आपल्या वाहनांवर जे आहे ते त्याच विचाराचे पुढचे रूप.

आपल्याकडे सहा सिलिंडर म्हणजे ट्रक. टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी सहकार्य करून जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली. टाटाचे जुने '६९७' इंजिन कित्येकांनी चालवले असेल. त्या नावाचा अर्थच सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. पुण्यात १९६२ साली किर्लोस्कर-कमिन्स निघाली, आणि १९९३ नंतर टाटा-कमिन्सची इंजिने ट्रकांवर आली. ५.९ लिटरचे सहा सिलिंडर कमिन्स ज्यांच्या ट्रकला आहे त्यांनी पुढे वाकून बघावे. डॅम्परच्या तुंब्यावर आणि कड्यावर कंपनीनेच खुणेची रेघ मारलेली असते. कमिन्सचा नियम असा : या दोन रेघांत सुमारे दीड मिलिमीटर, म्हणजे इंचाचा सोळावा हिस्सा, इतका फरक पडला की डॅम्पर बाद. तसेच रबराचा तुकडा निघाला असेल किंवा रबर लोखंडाच्या पातळीपासून तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आत गेले असेल तरी बाद. यापेक्षा सोपी परीक्षा कोणती हवी? कंपनीची रेघ नसेल तर आम्ही जीपला ओढली तशी रंगाची रेघ ओढावी. खडूची नको, पुसली जाते.

काही मोठ्या इंजिनांवर रबराऐवजी दुसरी जात असते. पत्र्याचा बंद डबा, त्यात घट्ट सिलिकॉन तेल आणि तेलात तरंगणारे लोखंडी कडे. ती बाहेरून ठोकळ्यासारखी दिसते. तिची परीक्षा रेघेने होत नाही. डब्याला पोचा आला, फुगला किंवा तेल झिरपले की ती निकामी; आणि पोचा येतो तो बहुतेक वेळा आपल्याच हातोडीने. ही जात कंपनीने सांगितलेल्या मुदतीला बदलावी.

तीन सिलिंडरच्या साध्या ट्रॅक्टरांनी काळजी करू नये. त्यांचा क्रँक आखूड, वेग कमी. पुष्कळांची पुली नुसती भरीव लोखंडाची असते आणि तीच बरोबर आहे.

सगळ्यांत जास्त जपायचे ते वेगाने फिरणाऱ्या मोटारीच्या इंजिनाला. अलीकडे उसाचे बिल जमा झाले की दारात पेट्रोलची मोटार उभी राहते, याचा आनंदच आहे. पण घरातला तरणाबांड मुलगा पुण्याच्या रस्त्याला लागला की सुई ५-६ हजारांवर नेतो. ट्रॅक्टर ज्या वेगावर थांबतो त्याच्या अडीच-तीनपट. या वेगावर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे हिशांचे ठेके क्रँकच्या ठेक्यापर्यंत चढतात, जिथे मंद इंजिन कधी पोचतच नाही. दुसरी, बाहेरच्या कड्यावरचा फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ३,००० वरून ६,००० वर गेलात तर वेग दुप्पट, पण जोर चौपट. रबर जिवंत आहे तोवर ठीक. मेलेल्या रबराचे कडे त्या वेगावर निसटले तर रेडिएटर फोडून बाहेर येते. निसटले नाही, नुसते सरकले, तरी बेल्ट उडतो. बेल्ट उडाला की चार्जिंग बंद, आणि पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असेल तर इंजिन काही मिनिटांत तापून हेड वाकते.

रबर मरते कशाने? वयाने, उष्णतेने आणि तेलाने. आपल्या सोलापूरचा एप्रिल-मे चाळीस अंशांच्या वर; बॉनेटखाली काय असेल कल्पना करा. त्यात पुढचे ऑईल सील गळत असेल तर तेल रबरावर उडत राहते, रबर फुगते, मऊ पडते आणि कड्याची पकड सुटते. गाडी कमी चालली म्हणजे रबर तरुण राहिले असे नाही. दहा-पंधरा वर्षे उभी राहिलेल्या गाडीचेही रबर तडकते.

आणखी एक खूण जुन्या कार्बुरेटरच्या मोटारींसाठी. काहींच्या टायमिंगची खूण पुलीच्या बाहेरच्या कड्यावर असते. कडे सरकले की खूण खोटी बोलू लागते. मिस्त्री खुणेवर बिनचूक टायमिंग लावतो आणि गाडी तापते, ओढत नाही, चढाला खडखडते. तीनदा टायमिंग लावूनही गाडी सुधारत नसेल तर टायमिंग सोडा, पुली बघा.

तपासणी अशी करावी. इंजिन बंद आणि थंड असताना रबराची पूर्ण गोलाई बघा. भेगा, बाहेर आलेली जीभ, कव्हरवर साचलेली काळी भुकटी, बेल्टची एकाच बाजूने झिजलेली कड, ही सगळी लक्षणे. मग इंजिन सावकाश चालू करून समोरून बघा, पुली लंगडते का. बघताना खांद्यावरचे उपरणे, टॉवेल काढून ठेवा, साडीचा पदर आणि शर्टाची मोकळी बाही आवरा. चालू बेल्ट कपडा ओढतो तेव्हा हात काढायला वेळ मिळत नाही.

आता बदलण्याविषयी. काम अर्ध्या दिवसाचे, पण बिघाड बहुतेक याच अर्ध्या दिवसात होतो. बॅटरीची तार काढा. बेल्ट कसा फिरलाय त्याचे चित्र कागदावर काढून घ्या, नंतर आठवत नाही. मधला बोल्ट फार घट्ट असतो. क्रँक धरून ठेवायला गाडी गिअरमध्ये टाकून एकाने ब्रेक दाबावा किंवा फ्लायव्हील अडवायचे खास हत्यार वापरावे. बोल्टला पाना लावून तो चासीला अडकवायचा आणि स्टार्टर मारायचा, ही युक्ती कोणी सांगेल, करू नका. पाना निसटला तर माणसाचा हात जातो.

पुली ओढायला पुलर लागतो, आणि तो तुंब्यातल्या आट्यांच्या भोकांत बोल्ट घालून ओढणारा हवा. तीन पायांचा साधा पुलर बाहेरच्या कड्याला अडकवला तर ओढ रबरावर येते आणि चांगली पुलीसुद्धा हातात दोन तुकडे होऊन येते. पुलरचे टोक क्रँकच्या आट्यांवर टेकू देऊ नका, मध्ये लोखंडी तुकडा ठेवा. ट्रकचा डॅम्पर पुष्कळदा नुसत्या बोल्टांवर असतो, तिथे पुलरचा प्रश्न येत नाही. सगळ्यांत नव्या मोटारींबाबत मात्र सावध. काहींच्या क्रँकवर चावीच नसते. पुली आणि टायमिंगचे चक्र दोन्ही त्या एका बोल्टच्या दाबावर उभे असते. बोल्ट सैल केला की टायमिंग हलते आणि वाल्व पिस्टनवर आपटतात. अशा गाडीला तिची टायमिंग धरणारी हत्यारे ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडेच न्यावे.

पुली निघाली की ऑईल सील बदलून टाका, पैसे थोडेच लागतात. चावी आणि तिची खाच खराब झालीय का बघा. नवी पुली बसवताना सीलच्या ओठाला ऑईलचे बोट लावा. आणि हातोडी लांब ठेवा. पुली ठोकली की रबराला मार बसतो आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगलाही. लांब आट्याचा दांडा क्रँकमध्ये पूर्ण बसवून, त्यावर वॉशर आणि नट लावून पुली हळूहळू आत दाबावी. मूळ बोल्टनेच ओढून घ्यायला गेलात तर दोन-चार आट्यांवर सगळा जोर येतो आणि क्रँकचे आटे निघतात. शेवटचा आवळा टॉर्क पान्याने, पुस्तकातल्या मापाने. कंपनीने बोल्ट एकदाच वापरायचा सांगितला असेल तर नवाच घ्या. वाकडा चाललेला जुना बेल्टही त्याच वेळी काढून टाका.

वेल्डिंगबद्दल लिहायलाच हवे. रबर सुटले म्हणून कडे तुंब्याला चार टाके मारून जोडून देणारे कारागीर आपल्या भागात आहेत. पुली लंगडायची थांबते, मालक खूश. पण आता तो डॅम्पर राहिला नाही; उलट क्रँकच्या टोकावर जड वजन पक्के बांधले गेले. ऊस वाहतुकीच्या एका ट्रकाचे आम्ही असेच पाहिले. ऐन हंगामात, भरल्या गाडीसह, फडापासून थोड्याच अंतरावर क्रँक तुटला. ऊस दुसऱ्या गाडीत भरायला दुसरा दिवस उजाडला. तोडलेला ऊस उन्हात वजन सोडतो, साखरही सोडतो, हे सभासदांना सांगायला नको. टोळी दोन दिवस बसून, तिची उचल अंगावर, ट्रकवाल्याचे इंजिन गेले, शेतकऱ्याचे टनेज गेले. चार टाक्यांची ही किंमत. डिझेल पंपाचे सील तोडून वेग वाढवून घेणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की कंपनीने डॅम्पर जेवढ्या वेगाचा हिशेब करून दिला त्याच्या पलीकडे तो जबाबदार नाही.

पोरे मोटारीला हलकी ॲल्युमिनियमची 'रेसिंग' पुली बसवतात, तेही त्यातलेच. मूळ पुलीत रबर असेल तर तिच्या जागी भरीव पुली लावू नये.

खरेदी करताना इंजिन नंबर सांगून माल घ्यावा, जुनी पुली बरोबर न्यावी. खाचा, व्यास तर बघाच, पण काट्यावर वजनही करून बघा. नकली माल लोखंडात चोरी करतो. रबरावर नखाने दाबून बघा, वर्षानुवर्षे दुकानात पडून असलेले रबर बसवण्याआधीच कडक झालेले असते. भंगार बाजारातली पुली कितीही स्वस्त मिळाली तरी नको, तिचे रबर दुसऱ्याच्या गाडीवर म्हातारे झाले आहे.

आणि तुमच्या गाडीची काढलेली जुनी पुली भंगारात देण्याआधी बाहेरच्या कड्याला कटरने एक काप द्या. नाहीतर रंग मारून तीच पुन्हा कुणा सभासदाच्या गाडीवर चढायची.